टीआय-८३ प्लस कॅल्क्युलेटर, आठ महिने वापरून: सगळं ठीक, पण १९१/४ म्हणजे काय बे?

परवा याच्यात मी लिहून ठेवलेला हिशोबाचा प्रोग्राम उडाला, म्हणून शेवटी लिहायला बसलो. नाहीतर आठ महिन्यांपासून लिहीन लिहीन करून राहिलो होतो.

आधीच सांगतो, मी इंजिनीअर नाही की मास्तर नाही. नागपुरात लकडगंजला फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. पुतण्या अमेरिकेत शिकला, दिवाळीत आला तेव्हा त्याचं शाळेतलं ग्राफिंग कॅल्क्युलेटर मला देऊन गेला, काका तुम्ही दिवसभर भागाकार करता, घ्या. फुकट आलेल्या वस्तूत खोट काढू नये म्हणतात, पण मी काढणार. मॉडेल १९९९ चं, ग्राफ मी आजपर्यंत एक काढला, तोही पुतण्याला दाखवायला. बाकी स्पेक्स तुम्हाला माहीत असतीलच.

माझं काम एकच. लांबी टाकली की किती इंच किती सूत ते सांग. आमच्यात इंचाचे आठ सूत. मिलिमीटरमध्ये एक सूत ३.१७५ पडतं, पण मिस्त्रीला मिलिमीटर सांगा, तो ऐकून घेईल आणि कापायच्या वेळी परत सुतावरच येईल. आणि ०.३७५ असं तर टेपवर कुठेच लिहिलेलं नसते, तिथे तीन सूत असते.

पुतण्याने जाताना सांगितलं होतं की मॅथ बटण दाबलं की पहिलंच फ्रॅक आहे, दशांशाचा अपूर्णांक करून देते, आणि दुसरं डेक, ते उलटं. प्रोग्राममध्येही चालते, डिस्पच्या, म्हणजे उत्तर स्क्रीनवर दाखवायच्या ओळीत शेवटी लावायचं. म्हटलं झालं काम. पहिलीच ऑर्डर वॉर्डरोबची, भिंत १९१ इंच, शटर चार. प्रोग्राम चालवला तर स्क्रीनवर काय आलं? १९१/४. अरे बाप्पा, मी तुला भागाकार करायला दिला आणि तू मला माझाच प्रश्न वाचून दाखवतो! बाजूला उभा मिस्त्री टेप न पाहता म्हणे, पावणेअठ्ठेचाळीस ना भाऊ. गणिताच्या हिशोबाने मशीन बरोबर आहे हे कळते मला. पण मला ४७ आणि ३/४ असं वेगवेगळं पाहिजे होतं आणि हे मॉडेल पूर्णांक वेगळा काढून दाखवत नाही. तो राग मला दोन महिने पुरला. तेव्हा लिहिलं असतं तर पाचातले दोनच स्टार दिले असते.

मग आयपार्ट सापडलं, ते पूर्णांक देते, आणि एफपार्ट, ते उरलेला दशांश. पहिल्या ओळीत ४७, दुसऱ्या ओळीत ३/४. खूश झालो. खुशी दोन दिवस टिकली कारण पुढच्या हिशोबात १९.१ आलं आणि फ्रॅकने इमानदारीत १/१० दाखवलं. इंचाचा दहावा भाग कुठून आणू? हे फ्रॅक प्रकरण असं आहे की तुम्ही टाकलं तेवढंच ते खरं धरते. .३३३ टाका, ३३३/१००० देते. .३३३३ टाका, तर .३३३३ च परत, कारण छेद ९९९९ च्या वर गेला की ते अपूर्णांक करतच नाही. एक तृतीयांश पाहिजे तर १ भागिले ३ असंच द्यावं लागते, कागदावर उतरवलेला दशांश देऊन उपयोग नाही.

यातच माझी एक चूक. बिलाच्या प्रोग्राममध्ये रुपये-पैसे नीट दिसावे म्हणून फिक्स २ (दशांशानंतर दोनच आकडे) लावलं आणि शेवटी परत फ्लोट (सगळे आकडे) करायचं विसरलो. संध्याकाळभर सगळं दोन घरांत. ४७.३७५ होतं ते ४७.३८ दिसलं, मी ते वहीत लिहिलं, दुसऱ्या दिवशी वहीतून टाकून फ्रॅक केलं तर २३६९/५०. पुतण्याला फोन केला तर तो हसला, म्हणे काका, फिक्स फक्त दाखवायला असते, आत आकडा पूर्णच असतो, तुम्हीच अर्धा उतरवला. बरं.

मग शेवटी डोक्यात आलं की मला अपूर्णांक पाहिजेच कशाला? आठने गुणा, सूतच मोजा. पूर्णांक वेगळा, दशांशाला आठने गुणून राउंड, म्हणजे जवळचा पूर्ण आकडा, विषय संपला. ४७.९६ टाकलं, आलं ४७ इंच ८ सूत. मिस्त्री म्हणे, भाऊ, हे तर अठ्ठेचाळीस झालं ना! मग क्रम बदलला, आधी सगळ्या लांबीचे सूत करायचे आणि मग आठने भागून इंच वेगळे काढायचे.

आणि तरी फळी वाया गेली. आठ बाय चार फुटांचा प्लाय, ९६ इंचात पाच फळ्या. ब्लेड दर कापाला एक सूत खाते, पाच फळ्यांना चार काप, म्हणजे अर्धा इंच गेला, उरले ९५.५, भागिले पाच १९.१. प्रोग्रामने राउंड करून १९ इंच १ सूत सांगितलं. चार फळ्या बरोबर निघाल्या, पाचवी एक सूत कमी. पाच वेळा १९.१२५ आणि वर ब्लेडचा अर्धा इंच मिळून ९६.१२५ होते, तेवढा प्लाय होताच कुठे! मशीनने जे सांगितलं ते केलं, राउंड मीच लिहिलं होतं. कापायच्या हिशोबात वर जायचंच नसते, म्हणून राउंड काढून तिथे आयपार्ट टाकलं. आता १९ इंच ० सूत येते आणि शेवटी चार सूत उरते. उरू दे. मत बदललं माझं, कॅल्क्युलेटर चांगलं आहे. तीन महिने तर एकही फळी कमी पडली नाही.

मे महिन्यात पत्र्याखाली स्क्रीन काळी पडली, वाटलं गेलं. सेकंड बटण दाबून खालचा बाण धरला की फिकी होते, एवढंच होतं.

खरा घोळ परवाचा. चार पेन्सिल सेल उतरले म्हणून चारही एकदम काढले. आत एक बटण सेलही असतो, मेमरी सांभाळायला. तो कधीचा मेलेला, मला काय माहीत. नवीन सेल टाकले तर रॅम क्लीअर्ड. सगळं साफ. बर्डीवर एका दुकानात नेलं, तो म्हणे बोर्ड गेला, आठशे लागतील. मी म्हटलं दादा, मशीन चालून राहिलं, फक्त रिकामं आहे, बोर्ड काहून जाईल? चाळीस रुपयाचा सेल घेतला आणि घरी आलो. प्रोग्राम रात्री आठवून परत टाकला, एकेक अक्षर अल्फा बटण दाबून दाबून, पहिल्यापेक्षा सहा ओळी कमी लागल्या.

प्रोग्राम आर्काइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या कायमच्या मेमरीत ठेवला तर सेल गेले तरी राहते म्हणतात, ते खरं आहे. पण मग चालवायच्या आधी दरवेळी अनआर्काइव्ह करा, नाहीतर एरर. दिवसातून वीस वेळा कोण करेल? मी प्रोग्राम कागदावर लिहून सरकत्या झाकणाच्या आतून चिकटवला आहे.

कोणाकडे याची लिंक केबल पडून असेल तर कळवा, २.५ मिलिमीटर जॅकवाली, कॉम्प्युटरला लावून एकदा कॉपी काढून ठेवतो. आठ दिवसांत परत करीन. विकत घ्यायची इच्छा नाही.