इंग्रजी वाचन-सराव संच (आठवी ते दहावी): उतारे चांगले, मांडणी अडवणारी

शब्द येतात, पण न लिहिलेलं उमगत नाही, अशा मुलांसाठीचा हा संच. उतारे नेमके निवडलेत. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्यावरच्या उताऱ्यात 'दुष्काळ' हा शब्दच नाही. रिकामे हंडे, टँकरची रांग एवढ्यावरून आपली मुलं तो ओळखतात. बर्फ उपसण्याच्या उताऱ्यात शब्द सोपे, तरी मुलं अडतात. पाठीशी अनुभव नाही. तिथं आधी दोन मिनिटं मराठीत बोलून घ्यावं.

चूक मांडणीत आहे. उत्तराकडे नेणारा एक धागा पहिल्या परिच्छेदात, दुसरा पान उलटल्यावर! परक्या भाषेत शब्द उलगडण्यातच स्मृती खर्ची पडते, दुसरा धागा सापडेपर्यंत पहिला निसटतो. डेनमन आणि कार्पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये मातृभाषेतल्या वाचनातही हे दाखवलं: स्मृतीचा आवाका लहान असला की दूरच्या सर्वनामाचा संबंध चुकतो. दोन्ही पानांची एकाच कागदावर झेरॉक्स काढा, परिच्छेदाशेजारी मराठीत तीन-चार शब्दांची नोंद करायला लावा.

'पुस्तक मिटून उत्तरे लिहा' ही सूचना मात्र सरळ खोडावी. त्यात पाठांतर तपासलं जातं, तर्क नाही.