आत-बाशीचा शिर्डक उत्सव: पाहायला एक दिवस, शिकायला तीन

जुन्या मराठी घरांतून बुरणूस असायचा. मागावर न विणता, लोकर नुसती भिजवून, मळून एकजीव केलेलं जाड पांघरूण. काश्मीर आणि कच्छचा नमदा त्याच कुळातला. हे तंत्र कुठवर जाऊ शकतं ते पाहायचं असेल, तर किर्गिझस्तानच्या नारीन प्रांतात आत-बाशीला उन्हाळ्यात भरणारा शिर्डकचा, म्हणजे नमद्याच्या गालिच्यांचा, उत्सव जरूर पाहावा. मात्र उत्सवातच शिर्डक शिकून येऊ, असा बेत आखू नका. शिकायचं तर वाटेवरच्या कोचकोर गावात तीन दिवस वेगळे काढा.

आधी दोन नावं नीट समजून घ्यायला हवीत, कारण विक्रेतेसुद्धा परदेशी पाहुण्यांपुढे ती सरमिसळ वापरतात. आला-किईझ म्हणजे रंगीत लोकरीची नक्षी ओली असतानाच नमद्यात मुरवलेली; तिच्या कडा धूसर, पाण्यात रंग पसरावा तशा. शिर्डक म्हणजे तयार नमदे कापून, एकमेकांत बसवून, शिवून केलेला गालिचा. त्याच्या रेषा सुरीने कापलेल्या, म्हणून ठसठशीत. युनेस्कोने 2012 साली या दोन्ही कला तातडीने जपण्याची गरज असलेल्या वारशाच्या यादीत घेतल्या. कारागिरांपैकी बहुतेकांनी चाळिशी ओलांडलेली आहे आणि घराघरांत यंत्रावरचे स्वस्त कृत्रिम गालिचे शिरलेत, ही त्यामागची कारणं.

उत्सवाचं खरं बळ म्हणजे सगळी कामं एकाच मैदानात, एकामागोमाग दिसतात. शरद ऋतूत कातरलेली लोकर नमद्यासाठी घेतात; ती आखूड असते आणि चांगली जमते, म्हणजे एकजीव होते. कातड्यावर पसरून बायका ती लांब काठ्यांनी झोडपतात. धूळ खाली बसते आणि गाठी सुटतात, म्हणजे आपल्याकडे पिंजारी जे काम धनुकलीने करत, तेच. मग चिय नावाच्या उंच गवताच्या काड्यांची चटई अंथरून तिच्यावर थर रचतात, उकळतं पाणी शिंपडतात, चटईसकट गुंडाळी करून दोरांनी आवळतात आणि लाथांनी ढकलत किंवा घोड्याला बांधून फिरवतात. गुंडाळी उघडली की काम संपलं असं पाहुण्यांना वाटतं आणि गर्दी पांगते. तुम्ही थांबा. यानंतर बायका ओळीने गुडघ्यांवर बसून ओला नमदा कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने दाबत पुढे-मागे लाटतात. नमद्याला घट्टपणा येतो तो या टप्प्यात.

पाहुण्यांना हात लावू देतात ते मात्र छोट्या तुकड्यापुरतं. तासाभरात हातात तळहाताएवढा मऊ चौकोन येतो. मुलांना त्यात मजा येईल. पण तो घट्ट होण्याआधीच पाळी संपते, आणि कापणं व शिवणं, म्हणजे शिर्डकचा जीव, त्यात येतच नाही.

कोचकोरमध्ये बायकांच्या सहकारी संस्था आहेत. आल्तीन कोल, म्हणजे सोन्याचे हात, हे त्यांतलं जुनं नाव. तिथे शिकायचं ठरवताना आधीच स्पष्ट सांगावं: नमदा करणं, कापणं, दोर लावणं आणि गोधडीसारखे टाके घालणं, चारही हवं. नाहीतर प्रात्यक्षिक दाखवून मोकळे करतात.

तयारीसाठी घरी एक तुकडा करून जाणं फार उपयोगी. 30 सेंटिमीटरचा चौरस हवा असेल तर 43 सेंटिमीटरचा रचा, कारण लांबी-रुंदी साधारण तीस टक्के आटते. लोकर 55 ग्रॅम, चार सारखे थर, प्रत्येक थराचे तंतू आधीच्याला काटकोनात. गरम पाण्यात लिटरमागे चमचाभर किसलेला साबण पुरतो. पहिली दहा मिनिटं फक्त दाबायचं, घासायचं नाही. मग गुंडाळून पन्नास वेळा लाटा, उघडा, पाव वळण फिरवा, पुन्हा पन्नास. असे निदान आठ फेरे. चिमटीत धरून पाहा. एखादा थर सुटा उचलला जात असेल तर अजून वेळ आहे. शेवटी पाच लिटर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून खळबळा, कारण साबणाचा क्षार राहिला तर लोकर कालांतराने कडक होते.

बिघडतं कुठे, तेही पाहू. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. उष्णता, साबण आणि हालचाल मिळाली की तंतू एकाच दिशेने सरकत एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. पाणी जास्त झालं तर तंतू तरंगतात, अडकत नाहीत. घाईने घासलं तर वरचा थर आधी आवळतो आणि खालचा सुटा राहतो. एकाच दिशेने लाटलं तर चौरसाचा आयत होतो. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर कितीही लाटली तरी जमत नाही, कारण तिचे खवले झिजवलेले किंवा झाकलेले असतात. बाजारातून आणताना विचारून घ्या. दख्खनी मेंढीची लोकर केसाळ आणि जाड, तिला जमायला वेळ लागतो. पहिला तुकडा तिचा नको.

कापण्याच्या दिवशी दोन वेगळ्या रंगांचे नमदे एकावर एक ठेवून खडूने नक्षी काढतात आणि दोन्ही एकदम कापतात. लाल पार्श्वभूमीत निळं शिंग, निळ्या पार्श्वभूमीत लाल शिंग. एका कापणीतून दोन गालिचे, आणि तुकडाही वाया जात नाही. कोचकोर मुयुझ, म्हणजे एडक्याचं शिंग, ही नक्षी सगळीकडे भेटेल. सुरी उभीच धरायची. ती तिरपी झाली की वरचा आणि खालचा तुकडा वेगळ्या मापाचे होतात आणि जोडताना फट पडते. नमद्याने धार लवकर जाते, म्हणून दगड शेजारी हवाच. दोन्ही नमदे आधी रंगवून पूर्ण वाळलेले असावेत, कारण रंगाच्या उकळत्या पाण्यात ते पुन्हा आटतात.

मग जोडावर दोर येतो. एक उजव्या पिळाचा, एक डाव्या पिळाचा, शेजारी शेजारी. म्हणून ती शिवण वेणीसारखी दिसते. दोन्हींचा पीळ एकच असेल तर वेणी उमटत नाही आणि कडही वळते. शेवटी खालचा जाड नमदा लावून, नक्षीच्या कडेने, बोटभर अंतराच्या ओळींत दोन्ही थरांतून टाके घालतात. गोधडी शिवलेल्या हाताला हे लगेच जमतं, फक्त सुई ओढायला जोर लागतो. तीन दिवसांत उशीच्या अभ्र्याएवढा तुकडा होतो. मोठ्या शिर्डकला महिने लागतात. किंमत ऐकून घासाघीस करण्याआधी हे लक्षात ठेवा.

विकत घेताना गालिचा उलटा करा. मागे हाताच्या टाक्यांच्या किंचित वाकड्या ओळी दिसल्या पाहिजेत. डिंकाने चिकटवलेला थर कडेला नखाने उचलला जातो. ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद भाग जोरात पुसा. रंग लागला तर सोडून द्या, कारण पहिल्याच धुण्यात तो पांढऱ्या नक्षीत उतरेल. घडी घालून पाहा. पातळ, कमालीचा एकसारखा आणि दुमडला की पटकन मोडणारा नमदा कारखान्यातला असण्याची शक्यता जास्त.

राजधानी बिश्केकहून कोचकोर सुमारे 200 किलोमीटर. पुढे तीन हजार मीटरवरची दोलोन खिंड ओलांडून नारीन, आणि तिथून तासाभरावर आत-बाशी. आत-बाशी दोन हजार मीटरच्या वर आहे, जुलैतही संध्याकाळी स्वेटर लागतो. सीबीटी या गावपर्यटनाच्या जाळ्यातून घरगुती मुक्काम आणि दुभाषी मिळतो. दुभाषी जरूर घ्या, कारण शिकवणाऱ्या बायका किर्गिझ आणि रशियनच बोलतात. उत्सवाची तारीख त्यांच्याकडूनच पक्की करून मग विमानाचं तिकीट काढा. सोम, म्हणजे तिथलं चलन, रोख जवळ हवेत. शाकाहारी मंडळींनी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत न्यावी. पाव, साय, चहा आणि बटाटा मिळतो, बाकी ताटात मांस असतंच.

घरी आणलेला शिर्डक घडी करून कपाटात ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात घडीच्या वळणावर आधी दमट वास येतो, मग कसर लागते. नक्षी बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा, सुती चादरीत बांधा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास उलटा टाकून झटका.