महाप्याचा डायअ‍ॅसिटिल ग्वानिनचा पुरवठादार: सीलबंद ड्रम घ्या, सुटं वजन जपून

अ‍ॅसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधासाठी डायअ‍ॅसिटिल ग्वानिन (दोन अ‍ॅसिटिल गट जोडलेलं ग्वानिन, त्याचा कच्चा माल) लागत असेल तर महापे एमआयडीसीतला हा पुरवठादार आम्ही खात्रीने सुचवू, पण 25 किलोच्या सीलबंद ड्रमपुरताच.

याच्या सीओएवर (मालाच्या तपासणीच्या दाखल्यावर) प्युरिटीचा एकच मोघम आकडा नसतो. मोनोअ‍ॅसिटिल (एकच अ‍ॅसिटिल गट उरलेलं) किती, मोकळं (एकही गट नसलेलं) ग्वानिन किती हे वेगवेगळं दिलेलं असतं आणि क्रोमॅटोग्राम, म्हणजे चाचणीचा मूळ आलेख, जोडलेला असतो. पैसे मोजायचे ते यासाठीच. मोकळं ग्वानिन औषधाच्या रेणूतल्या साइड चेनशी नीट जोडलं जात नाही. पाण्यात जवळपास विरघळत नसल्यामुळे ते धुऊनही जात नाही आणि शेवटी तयार अ‍ॅसायक्लोव्हिरमध्ये डोकं वर काढतं. तिथे यूएसपीची (अमेरिकी औषध मानकाची) मर्यादा 0.7 टक्के आहे. स्वस्त मालात किलोमागे वाचलेले पैसे मग शुद्धीकरणासाठीच्या एका जादा रीक्रिस्टलायझेशनमध्ये जातात. मूळ उत्पादकाचा सीओएही इथे मिळतो, स्वतःच्या लेटरहेडवर उतरवलेला नव्हे, आणि ड्रमवरचा बॅच नंबर त्याच्याशी जुळतो. ट्रेडरकडून माल घेणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

घोडं अडतं ते पाच-दहा किलोच्या सुट्या वजनात. नवव्या नायट्रोजनवरचा अ‍ॅसिटिल गट ओलाव्यापुढे टिकत नाही. 25 किलो माल म्हणजे सुमारे 106 मोल (मोल हे रेणू मोजायचं एकक). त्यात एक टक्का, म्हणजे 250 ग्रॅम पाणी शिरलं की ते झालं जवळपास 14 मोल. सगळंच पाणी कामाला लागत नाही हे खरं, पण जेवढं लागतं तेवढं मोनोअ‍ॅसिटिल वाढतं आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं. असं असताना ऐन जुलैत इथे ड्रम उघडून साध्या काट्यावर वजन करतात, डीह्युमिडिफायरशिवाय, आणि एकाच पिशवीला केबल टाय मारून माल देतात. एवढा चोख कागद देणाऱ्याकडून ही ढिलाई पटत नाही.

माल आल्यावर फक्त एलओडीवर (तापवून वजनातली घट मोजण्यावर) पास करू नका. 105 अंशांवर पाणी उडतं तसं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडही उडतं, त्यामुळे घट नेमकी कशाची ते कळत नाही. पाण्यासाठी कार्ल फिशर, म्हणजे फक्त पाणी मोजणारी चाचणी, वेगळी लावा. व्हिनेगरसारखा किंचित वास ताज्या मालालाही असतो, तेवढ्यावरून गाडी परत पाठवू नका. एचपीएलसीत (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) मात्र एक चूक हमखास होते. ग्वानिन नेहमी सौम्य कॉस्टिकमध्ये (अल्कलीत) विरघळवतात, म्हणून लॅब हाही नमुना तसाच बनवते. अल्कलीत अ‍ॅसिटिल गट लगेच तुटतो आणि चांगला मालसुद्धा नापास दिसतो. कोरड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, लगेच यंत्रात इंजेक्ट करा. पुरवठादाराशी आकड्यांवरून वाद घालण्याआधी दोन्हीकडचं डायल्युअंट (नमुना विरघळवायचं द्रावक) एकच आहे का ते पाहा.

दर बाजारापेक्षा थोडा चढा आहे. डोंबिवली, अंबरनाथ, तळोज्याला डिलिव्हरी वेळेवर होते.

पावसाळ्यात सुटं वजन घ्यावंच लागलं तर पीओवर (खरेदी ऑर्डरवर) स्पष्ट लिहा: दुहेरी एलडीपीई (प्लास्टिक) लायनर, दोन्ही थरांना हीट सील, मध्ये सिलिका जेल, आणि वजन केल्यानंतर काढलेल्या नमुन्याचा कार्ल फिशर रिपोर्ट. असं लिहून दिलं की ते पाळतात.