6 नंबरचा रबरी बास्केटबॉल: कॉलेजात गार्ड खेळणाऱ्या पोरींनी घ्यावा का?

आधीच सांगते, घ्या. घरात कॉलेजच्या टीममध्ये गार्ड (बॉल ड्रिबल करत पुढं नेणारी, पास देणारी) खेळणारी पोरगी असेल तर सात-आठशे रुपयांचा हा 6 नंबरचा रबरी बॉल शूजच्याही आधी घ्या. लांबलचक लिहितेय कारण लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली सगळीकडून पोरी एकच विचारायल्यात की ताई कोणता बॉल घेऊ, आणि एका ओळीत उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतोच की मग कॉलेजात जो आहे त्यानं का नाही चालत.

मी स्वतः विद्यापीठाच्या टीमकडून पॉइंट गार्ड खेळलेय, आता नोकरी सांभाळून सकाळी लातुरात पोरींना शिकवते. हे बॉल उन्हाळ्याच्या तोंडावर गंजगोलाईतल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून घेतले, कडक ऊन, पावसाळ्यातला ओला कोर्ट आणि अंतरमहाविद्यालयीन मॅचेस एवढं सगळं त्यांच्यावरून गेल्यावर लिहितेय. कंपनी जालंधरची आहे. नाव देत नाही कारण या किमतीत दोन-तीन कंपन्यांचा माल जवळपास सारखाच येतो, बॉलचा प्रकार बघून घ्या.

आता मुख्य मुद्दा, साइज. मुलांचा बॉल 7 नंबरचा, घेर साडेएकोणतीस इंच. मुलींचा 6 नंबरचा, साडेअठ्ठावीस इंच, आणि वजनालाही हलका. अमेरिकेत कॉलेजच्या मुली 1984-85 च्या सीझनपासून हा छोटा बॉल वापरतात, आंतरराष्ट्रीय मॅचेसमध्ये तो 2004 पासून आला. आपल्याकडं मॅचला 6 नंबर काढतात, पण प्रॅक्टिसला? बहुतेक कॉलेजांच्या स्टोअर रूममध्ये मुलांचेच बॉल भरलेले असतात, मुलींची टीम त्याच 7 नंबरवर वर्षभर खेळते आणि टूर्नामेंटच्या दिवशी वॉर्मअपला पहिल्यांदा 6 नंबर हातात येतो. मग शॉट रिंगच्या मागं जायला लागतात आणि पोरीला वाटतं आज आपला हातच चालंना. हात बरोबर असतो गं, बॉल वेगळा असतो.

एका इंचानं काय होतंय असं म्हणणाऱ्यांनी गार्डचं काम बघावं. सेंटरला बॉल रिंगखाली मिळतो, ती दोन्ही हातांनी धरून वर जाते, तिला हा फरक कमी जाणवतो. गार्डचं सगळं एका हातावर असतं, पळता पळता ड्रिबलमधूनच उचलून एका हातानं पास द्यायचा, अंगावर कुणी आलं की बॉल या हातातून त्या हातात न्यायचा, आणि नजर खाली न टाकता. सातवर लहान तळव्याची पोरगी हे करू शकत नाही म्हणून ती प्रत्येक पास दोन हातांनी छातीवरून द्यायला शिकते, समोरच्या पोरीला तो आधीच दिसतो आणि चोरी होते. शॉटचंही तेच, बॉल जड वाटतो म्हणून कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलायची सवय लागते, आणि ती सवय एफवायला लागली की टीवायपर्यंत मोडत नाही, कॉलेजचं करिअर एवढंच तर असतं.

सध्या सगळ्या पोरी मोबाईलवर केटलिन क्लार्क बघायल्यात आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ही अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विद्यापीठाची गार्ड, 2020 ते 2024 अशी चार वर्षं कॉलेज खेळली आणि 3,951 पॉइंट करून गेली, अमेरिकेच्या पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मुलगा असो की मुलगी, एवढे पॉइंट कुणाचेच नाहीत. 15 फेब्रुवारी 2024 ला मिशिगनविरुद्ध तिनं मुलींमधला केल्सी प्लमचा 3,527 चा रेकॉर्ड मोडला तो सेंटर सर्कलच्या लोगोजवळून मारलेल्या थ्रीनं (म्हणजे लांबून मारलेल्या तीन पॉइंटच्या शॉटनं), आणि त्या एका मॅचमध्ये 49 पॉइंट केले. पुढच्याच महिन्यात मुलांमध्ये सगळ्यात पुढं असलेल्या पीट मॅराविचचे 3,667 मागं टाकले. मॅराविचचेही मोठेपण सांगायला पाहिजे, त्यानं ते 1967 ते 70 अशा तीनच सीझनमध्ये केले आणि तेव्हा थ्री पॉइंटची लाइनच नव्हती.

पण मी पोरींना तिचे लोगोवरचे थ्री बघू देते आणि मग पास बघायला लावते. हजाराच्या वर असिस्ट (ज्या पासवर सोबतची पोरगी लगेच बास्केट करते तो पास) आहेत तिच्या कॉलेजात. 2023 ला लुईव्हिलविरुद्ध 41 पॉइंट, 10 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल) आणि 12 असिस्ट, म्हणजे तिन्हीत दहा किंवा जास्त, यालाच ट्रिपल डबल म्हणतात, आणि एनसीएए टूर्नामेंटमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, 40 पॉइंटसकट तो त्याआधी कुणीच केला नव्हता. ते 12 असिस्ट नीट बघा, पळणाऱ्या पोरीच्या पुढ्यात पास कसा टाकते ते बघा. हे साडेअठ्ठावीस इंचाच्या बॉलनं होतं. तुम्ही सात नंबर घेऊन तसा पास मारायला बघणार आणि मनगट दुखवून घेणार.

अजून एक गोष्ट पोरींना सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींची थ्री पॉइंट लाइन आधी जवळ होती, 2021-22 पासून ती 6.75 मीटरवर नेली. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून क्लार्क जिथून मारत होती तेच अंतर आपल्या लातूरच्या सिमेंटच्या कोर्टवर पांढऱ्या पट्ट्यानं आखलेलं आहे. रिंग तीच, 10 फूट. बॉल तोच नंबर. बाकी सगळं वेगळं असेल पण एवढं तर आपल्या हातात आहे ना.

आणि तिच्या राज्याची जुनी गोष्ट तर मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. आयोवात शाळेच्या मुली कितीतरी दशकं सहा-सहाचा बास्केटबॉल खेळायच्या, तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात आणि तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ ओलांडायची नाही, दोनच ड्रिबल. गार्डनं फक्त अडवायचं, शॉट मारायचाच नाही. 1993 पर्यंत हे चाललं. त्याच राज्यात 2002 ला जन्मलेली पोरगी गार्ड म्हणून देशात सगळ्यात जास्त पॉइंट करते. लहानपणी मुलींची लीग मिळाली नाही म्हणून वडिलांनी तिला मुलांच्या लीगमध्ये घातलं होतं. आपल्याकडंही ज्या पोरी चांगल्या निघतात त्या भावांसोबत, मुलांसोबत खेळूनच निघतात, ते खेळू द्याच, फक्त स्वतःच्या प्रॅक्टिसला स्वतःचा बॉल ठेवा.

आता बॉल म्हणून कसा आहे. ग्रिप पहिल्या दिवसापासून चांगली, दाणे उठावदार आहेत आणि रेषा खोल, बोटं बरोबर बसतात. आपल्या कोर्टवर धूळ असते, मार्च-एप्रिलमध्ये तर झाडून घेतल्यावर तासाभरात परत थर, त्या धुळीत कुठलाही बॉल निसटतोच पण हा ओल्या फडक्यानं पुसला की परत धरतो. महागडे कंपोझिट लेदरचे (कृत्रिम चामड्याचे) बॉल असतात ना, हाताला लै मऊ लागतात, पण ते लाकडी फ्लोअरसाठी, सिमेंटवर महिन्या-दोन महिन्यांत वरचं कव्हर सोलून निघतं. आपल्या भागात उघड्यावर सिमेंटचेच कोर्ट जास्त, त्यामुळं रबरीच घ्या, कुणी काही म्हणू द्या.

झीज होते, लपवत नाही. दिवाळीपर्यंत आमच्या बॉलचे दाणे तळहाताला सपाट लागायला लागले, जिथं जास्त वापर तिथं जास्त. तरी बाउन्स तसाच आहे आणि आकार बिघडला नाही, या किमतीत एवढं मला पुरे वाटतं. उसळी कंपोझिटपेक्षा जरा जास्त आहे, म्हणून रिंगवर आपटून लांब जातो, रिबाउंडवाल्या पोरी कुरकुर करतात. मॅचला कंपोझिट बॉल असणार असेल तर आधीचे आठ-पंधरा दिवस कुठूनही मागून आणा पण त्याच बॉलवर शूटिंग करा. नंबर सारखा असल्यामुळं बदल लवकर जमतो, सातवरून सहावर येण्याएवढा त्रास नाही.

हवेचं मात्र सांभाळा. व्हॉल्व्हजवळ प्रेशर लिहिलेलं असतं, 7 ते 9 पीएसआयच्या आसपास, गेज नसेल तर खांद्याच्या उंचीवरून सोडा, कमरेच्या जरा वर आला पाहिजे. उन्हाळ्यात इकडं पारा 42 च्या पुढं जातो, सकाळी बरोबर असलेला बॉल दुपारी दगड होतो कारण आतली हवा फुगते. स्कूटीच्या डिकीत ठेवून दिवसभर उन्हात गाडी लावायची तर अजिबात नाही, एका पोरीच्या बॉलला तसाच टेंगूळ आला आणि तो परत कधी सरळ उसळला नाही.

दुकानाचं सांगते. मालक माणूस चांगला, एक बॉल गोल नव्हता, फिरवल्यावर डुलत होता, तो बिल न बघता बदलून दिला. पण मुलीसाठी म्हटल्यावर पहिल्यांदा 5 नंबर काढून ठेवला, तो बारक्या पोरांचा असतो, नको म्हटलं तर 7 दिला आणि "ताई, सगळे कॉलेजवाले हाच नेतात". सहा नंबर मागच्या कपाटात होता. म्हणून ठाम राहा, बॉलवर छापलेला आकडा स्वतः वाचा. ऑनलाइन घेणार असाल तर अजून एक, 3x3 चे (तीन-तीन खेळाडूंच्या खेळाचे) बॉलही 6 नंबरच्या घेराचे असतात पण त्यांचं वजन 7 नंबरएवढं असतं. फोटोत फरक कळत नाही. वर्णनात 3x3 लिहिलंय का ते बघा आणि असेल तर सोडून द्या, नाहीतर घेर बरोबर आणि वजन चुकीचं असा बॉल घरी येईल.

पैशाचं बोलते कारण खरा प्रश्न तिथं आहे. लातूरला पोरी अकरावी-बारावीला येतात त्या क्लाससाठी, नीटच्या दोन वर्षांत कोर्ट सुटतो तो सुटतोच, त्यातून ज्या परत येतात त्यांना एफवायपासून मोजकीच वर्षं मिळतात. अंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाच्या टीमची ट्रायल, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ मॅचेस. ट्रायलला अनोळखी पोरींसोबत थोडा वेळ खेळायला मिळतं, तिथं कुणी तुम्हाला सेट प्ले (आधी ठरवलेली चाल) करून शॉट देत नाही. गार्डकडं बॉल असतो, ती दडपणात तो सांभाळते का एवढं निवडणारे बघतात. हे हँडलिंग टीमच्या प्रॅक्टिसमध्ये येत नाही, दहा-बारा पोरींत एक बॉल असतो, तुमच्या वाट्याला किती येणार? ते घरी, अंगणात, गच्चीवर, एकटीनं करायचं असतं आणि त्याला स्वतःचा बॉल लागतो.

माझ्याकडं औसा तालुक्यातून एसटीनं येणारी एक पोरगी आहे, डावा हात अगदी कच्चा होता, समोरची टीम तिला मुद्दाम डावीकडं ढकलायची. तिनं घरच्यांकडून शूजऐवजी हा बॉल मागून घेतला. आई मला फोनवर म्हणाल्या, "ताई, भल्या पहाटे उठून दणदण आपटायली, शेजारचे बोलायलेत." मी म्हटलं गोठ्याकडच्या फरशीवर करू द्या, पण थांबवू नका. यंदाच्या अंतरमहाविद्यालयीनमध्ये शेवटच्या मिनिटांत फुल कोर्ट प्रेस (समोरच्यांनी पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवणं) लागला, दोघी अंगावर, आणि हिनं डाव्या हातानं बॉल वर आणला, एकदा नाही, प्रत्येक वेळी. सेमीफायनल आम्ही हरलो तरी तिला विद्यापीठाच्या ट्रायलला बोलावणं आलं.

कुणी घेऊ नये तेही सांगते. पोरगी बारा वर्षांच्या आतली असेल तर 5 नंबरच घ्या. इनडोअर लाकडी फ्लोअर रोज मिळत असेल तर थोडे पैसे घालून कंपोझिट घ्या, रबरी तिथं घसरतो. आणि कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या सरांना एक विनंती, पुढच्या खरेदीत मुलींच्या टीमसाठी 6 नंबर वेगळे लिहून मागवा, यादीत नुसतं "बास्केटबॉल" लिहिलं की सातच येतात.

सुई बॉलसोबत मिळत नाही, दहा-वीस रुपयांना वेगळी मिळते, दोन घेऊन ठेवा. घालताना ओली करून सरळ घाला, कोरडी आणि तिरकी घातली की व्हॉल्व्ह फाटतो आणि मग तो बॉल दुरुस्त होत नाही.