शाळेच्या ग्रंथालयाला गूगल शीट्स की कोहा?

दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद, संगणकावर आणायची ठरली तेव्हा माझ्यासमोर हे दोनच पर्याय होते: गूगलचे ऑनलाइन तक्ते, नाहीतर कोहा हे खास ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर. आणि दोन्ही फुकट.

शीट्स एका दुपारी जमलं. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, कोणाकडे, कधी नेलं. मोबाइलवरूनही भरता येतं. पण मी ‘विज्ञानकथा’ जोडून लिहिलं, मदतीला आलेल्या नववीतल्या मुलीनं ‘विज्ञान कथा’ तोडून. शोधलं की निम्मी पुस्तकं गायब! शिवाय पुस्तक परत यायची मुदत उलटली की तारखा आपणच चाळायच्या.

कोहाचा जन्म न्यूझीलंडचा, २००० सालापासून वापरात. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. बारकोड दाखवला की देवघेव झाली, थकीत यादी आपोआप तयार. मुलं घरून पुस्तक शोधून राखूनही ठेवू शकतात. विषय ठरलेल्या यादीतून निवडता येतात, त्यामुळे वरचा घोळ टळतो. मात्र ही भेट सांभाळायला लिनक्स सर्व्हर (लिनक्स प्रणालीवर चालणारा, सतत चालू ठेवायचा संगणक) लागतो, आणि तो बसला की उठवणारा माणूसही.

दीड-दोन हजार पुस्तकं आणि एकटीच ग्रंथपाल असेल तर मी शीट्सच म्हणेन. संगणकाचे शिक्षक हाताशी असतील तर थेट कोहा. शीट्समधल्या नोंदी पुढे तिकडे नेता येतात. फक्त दाखल क्रमांक पहिल्या दिवसापासून नीट टाका.