पत्र्याच्या नजरेतून जग्वार : गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम

बत्तीस वर्षं मी पत्र्याचं काम केलं. डेंटिंग, गॅस वेल्डिंग, पुट्टी, पेंट, सगळं. त्यामुळे गाडी समोर आली की माझा हात बॉनेटकडे जात नाही. मी खाली वाकतो आणि दरवाज्यावर पडलेली ट्यूबलाइटची रेघ बघतो. रेघ सरळ गेली तर पत्रा साफ. मध्येच लचकली तर तिथे कुणीतरी काम केलेलं आहे. इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो तेव्हा तिने मला गेडनला नेलं आणि तिथे मी साडेचार तास असाच वाकून फिरलो.

हे म्युझियम वॉरिकशायरमध्ये आहे, एम-४० रस्त्याच्या १२ नंबरच्या जंक्शनजवळ. मुख्य इमारतीत सगळ्याच ब्रिटिश गाड्या आहेत आणि त्या छान मांडल्यात. पण जग्वारसाठी जाणाऱ्याने शेजारच्या कलेक्शन्स सेंटरला जास्त वेळ ठेवावा. ते २०१६ मध्ये उघडलं. गाड्या एकीला एक लागून उभ्या, गोदामासारख्या. मला हेच आवडलं. सजावट कमी असली की नजर पत्र्यावर राहते.

जग्वार म्हटलं की लोक इंजिन आणि शर्यतींबद्दल बोलतात. मूळची ही कंपनी बॉडी बिल्डरची. १९२२ मध्ये ब्लॅकपूलला विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली यांनी मोटरसायकलला जोडायच्या साइडकार बनवायला घेतल्या. लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. लायन्स तेव्हा एकवीस वर्षांचे होते. १९२७ मध्ये त्यांनी ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीच्या साध्यासुध्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, आपली बॉडी चढवली. ती ‘स्वॉलो’ बघताना मी बराच वेळ थांबलो. इंजिन दुसऱ्याचं, चॅसी दुसऱ्याची, स्वतःचा फक्त आकार, आणि गिऱ्हाईक पैसे मोजत होतं ते त्या आकाराचे. काम इतकं वाढलं की पुढच्याच वर्षी बिऱ्हाड कॉव्हेंट्रीला हललं.

त्यांच्याच १९३१ मधल्या एसएस-वन गाडीची गोष्ट तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावी. लायन्स यांना छप्पर अगदी बसकं हवं होतं. ते अपेंडिक्सच्या आजाराने दवाखान्यात पडले आणि तेवढ्यात वॉम्स्लींनी छप्पर वाढवून टाकलं. लायन्स फार नाराज झाले. तरी गाडी ३१० पौंडांत विकली गेली आणि बघणाऱ्याला हजारची वाटली. १९३५ मध्ये पहिली ‘एसएस जग्वार’ लंडनच्या हॉटेलात विक्रेत्यांना दाखवली आणि त्यांना किंमत ओळखायला सांगितली. सरासरी अंदाज ६३२ पौंडांचा आला. खरी किंमत होती ३८५. मधला सगळा फरक पत्र्याने कमावलेला. (महायुद्धानंतर ‘एसएस’ या अक्षरांना जर्मन फौजेचा वास लागला, म्हणून १९४५ मध्ये नुसतं ‘जग्वार’ राहिलं.)

लायन्स कागदावर गाडी काढत नसत. फ्रेड गार्डनर नावाच्या कारागिराकडून लाकूड आणि पत्र्याचा पूर्ण मापाचा नमुना करून घ्यायचे, घराच्या आवारात नेऊन उजेडात उभा करायचे, चारी बाजूंनी बघायचे. इथे थोडं फुगवा, तिथे थोडं दाबा. हे मी लांबच्या कुणाबद्दल वाचतोय असं वाटलंच नाही. मडगार्ड बसवल्यावर दहा पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघणारे माझे उस्ताद आठवले.

१९४८ ची एक्सके-१२० ही अशीच जन्मली. नावातला १२० म्हणजे ताशी मैल. मागच्या मडगार्डवरून उतरणारी तिची रेघ बघा आणि शोधा, ती कुठे संपते. पहिल्या सुमारे २४० गाड्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमने हातांनी बांधल्या. मागणी पेलेना, तेव्हा १९५० पासून स्टीलची बॉडी आली.

ई-टाइप मात्र वेगळ्या डोक्याची. तिचा आकार ठरवणारे माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले. ते वक्र आकड्यांत मांडायचे, बिंदू बिंदू हिशेब करून. १९६१ मध्ये जिनेव्हाच्या मोटर शोमध्ये गाडी दाखवली, तेव्हा गर्दी इतकी उसळली की टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस दुसरी गाडी घेऊन कॉव्हेंट्रीहून रातोरात हाकत पोहोचले. या गाडीचं सगळं नाक एकाच तुकड्यात पुढे उघडतं. एवढा मोठा पत्रा न लचकता बसवणं काय असतं ते मला माहीत आहे. लोक विचारतील, डोळ्याची गाडी सरस की आकड्यांची? माझं मत एक्सके-१२० ला.

फ्रान्समधल्या ल मान शर्यतीतल्या विजयांचे, मालक बदलल्याचे फलक मी भराभर वाचले. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड, १९८९ मध्ये फोर्ड, २००८ मध्ये टाटा. तिथे एक म्हातारे स्वयंसेवक माझं वाकणं बराच वेळ बघत होते. माझं इंग्रजी तोकडं. मी हवेतच तळहात दरवाज्यावरून फिरवल्यासारखा केला. त्यांनीही तसाच हात फिरवला, मान डोलावली आणि मला एक्सजे-१३ कडे घेऊन गेले.

ही एकच बनली. पाच लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन मधोमध, ॲल्युमिनियमचं अंग, आकार सेयर यांचा. शर्यतीत कधी उतरलीच नाही. जानेवारी १९७१ मध्ये चित्रीकरण चालू असताना ड्यूइस यांच्या हातून भर वेगात ती कोलमडली आणि लोळण घेत गेली. ते वाचले, गाडीचा चेंदामेंदा झाला. पुढे कॉव्हेंट्रीच्या ॲबी पॅनल्सच्या कारागिरांनी ती पुन्हा उभी केली.

म्हणजे ही ॲक्सिडेंटची गाडी. मी सवयीने जोड शोधायला लागलो. मागच्या चाकावरचा उंचवटा, दरवाज्याची कड, नाकाचा खालचा भाग. तीन बाजूंनी वाकून दिव्याची रेघ पाहिली. ती कुठेही मोडली नाही. मुलगी दोनदा बोलवायला आली, तेव्हाही मी मागच्या चाकापाशीच होतो.