हेडलाइटमध्ये पाणी: मागूनच सुकवायचा, की काच उघडून साफ करायचा?

हेडलाइटच्या काचेला आतून घाम आलेला दिसला की माणसं दोन टोकांना जातात. कुणी ‘सुकेल आपोआप’ म्हणत महिनोन्महिने तसंच चालवतं, तर कुणी एखादा व्हिडिओ बघून थेट हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) हातात घेतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक हेडलाइट उघडावे लागत नाहीत. पण काही वेळा न उघडता केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते, आणि ती वेळ कोणती हे ओळखणं महत्त्वाचं.

आधी बघा, धुकं आहे की पाणी

हेडलाइट हा हवाबंद डबा नसतो. त्याच्या मागे हवा खेळती राहावी म्हणून व्हेंट असतात: कधी वाकडी रबरी नळी, कधी बारीक जाळीचं किंवा पडद्याचं बूच. दिवा तापला की आतली हवा बाहेर जाते, निवला की बाहेरची आत येते. ती दमट असेल तर थंड काचेवर बाष्प धरणारच. पाऊस पडून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर कोपऱ्यात पातळ धुकं आलं, आणि दिवे लावून अर्धा-पाऊण तास गाडी चालवल्यावर ते विरळ होत गेलं, तर काहीही करू नका. एलईडी दिव्यात हे धुकं जास्त रेंगाळतं, कारण एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते आणि काच फारशी तापत नाही.

काचेवर थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी डुचमळत असेल किंवा एकच बाजू सतत ओली राहत असेल, तर मात्र ती गळती आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

न उघडता

याची सुरुवात सुकवण्यापासून नाही, पाणी कुठून आलं ते शोधण्यापासून होते. बॉनेट उघडून हेडलाइटच्या पाठीमागे हात घाला. बल्ब बदलताना काढलेलं रबरी झाकण नीट बसवलेलंच नाही, हे सर्रास दिसतं. बाहेरून घेतलेला एलईडी बल्ब लावलेला असेल तर हमखास बघा: त्याचा पंखा मागे इतका येतो की झाकण बसत नाही, मग बसवणारा ते काढून टाकतो किंवा त्याला भोक पाडतो. व्हेंटच्या नळीत चिखल किंवा कोळ्याचं जाळं अडकलेलं असतं. एवढं दुरुस्त केलं की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो.

मग सुकवणं. दिवा निवल्यावर बल्ब काढा (हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकट डागापाशी ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो) आणि झाकण उघडं ठेवून गाडी कोरड्या, उन्हाच्या जागी उभी करा. घाई असेल तर हेअर ड्रायर मंद आचेवर, थोडा लांब धरून बल्बच्या भोकातून चालवा. सिलिका जेलच्या पुड्या पाणी काढण्यासाठी नसतात. त्यांची ओलावा धरायची क्षमता मर्यादित असते, म्हणून सुकवून झाल्यावर उरलेल्या दमटपणापुरत्या ठेवा, त्याही बल्बपासून दूर. तांदूळ मात्र अजिबात नको, त्याचं पीठ आत चिकटून बसतं. आणि तळाला ड्रिलने भोक पाडायचा ‘जुगाड’ सुचवणाऱ्यांना नमस्कार करून पुढे जा. त्या भोकातून पाणी जाईल, पण चाकाने उडवलेली धूळ आणि पाणी तिथूनच आत येईल.

आता डाग. सगळे डाग एका जातीचे नसतात. पांढऱ्या कडेचे गोल ठिपके असतील तर ते गीझरच्या कॉइलवर बसतात तसलेच क्षार. वरून खाली आलेले दुधी, लांबट ओघळ वेगळे: बऱ्याच हेडलाइटच्या काचेला आतून धुकं धरू नये म्हणून एक थर दिलेला असतो, तो पाण्याने विरघळून खाली ओघळतो. तिसरा प्रकार काचेवर नसतोच, तो मागच्या रिफ्लेक्टरवर, म्हणजे प्रकाश पुढे फेकणाऱ्या चकचकीत भागावर असतो: चमक गेलेली, काळपट किंवा पापुद्रा सुटलेली जागा. त्यावर इलाज नाही.

पहिले दोन न उघडता बऱ्यापैकी निघू शकतात, पण दिवा गाडीतून काढावा लागतो. आत थोडं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हळूहळू सगळीकडे फिरवायचं, ओतून टाकायचं, आणि येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा तेच. नळाचं पाणी वापरलंत तर नवे क्षार आत सोडाल. व्हिनेगरने क्षार विरघळतात हे खरं, पण रिफ्लेक्टरचा आरसा म्हणजे ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ मुलामा, तो त्याच आम्लात जाऊ शकतो. थिनर आणि ॲसिटोन तर नकोच. ही ‘काच’ पॉलीकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते, त्यांनी तिला जाळीदार तडे जातात. ज्या दिव्यात आतच एलईडीचं सर्किट आहे, त्यात पाणी घालायचा विचारही करू नका. झेनॉन वायूचा दिवा असेल तर तो सुरू होताना हजारो व्होल्ट लागतात, म्हणून आधी बॅटरीची वायर काढा.

मायक्रोफायबरच्या मऊ कापडात छोटं चुंबक गुंडाळून आत सोडायचं आणि बाहेरून दुसऱ्या चुंबकाने फिरवायचं, ही युक्ती काचेच्या सपाट भागावर चालते. मधे खडा आला तर आतून ओरखडा कायमचा.

उघडून

काच आणि मागचं कवच जोडणारा सीलंट (फट बुजवणारा चिकट पदार्थ) बुटाइल, म्हणजे रबरी जातीचा असेल तर तो उष्णतेने मऊ पडतो. कडेकडेने हीट गन फिरवत किंवा साधारण 100 अंशांच्या ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवून जोड सुटतो. पॉलीकार्बोनेट साधारण 147 अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण आतल्या सजावटीच्या पट्ट्या त्याच्या बऱ्याच आधी वाकतात. काही दिव्यांत सीलंट कडक जातीचा असतो. तो तापवून सुटत नाही, कापावा लागतो आणि त्या झटापटीत कडा तुटते. असा दिवा घरी उघडू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

फायदा उघड आहे. काच हातात येते, कोपऱ्यापर्यंत पुसता येते, आणि मुख्य म्हणजे फाटलेला जोड नव्याने करता येतो, जे न उघडता होतच नाही. पण वॉरंटी असली तर ती जाते, रिफ्लेक्टरला कापड लागलं तरी ओरखडे उठतात, आणि जुना सीलंट पूर्ण न खरवडता वरून नवा थापला तर पहिल्यापेक्षा जास्त पाणी शिरतं. कारागिराकडे देणार असाल तर जुना सीलंट पूर्ण काढणार का, हे विचारा. व्हेंटवर सिलिकॉन फासून तो ते बंद करत नाही ना, यावरही लक्ष ठेवा. व्हेंट बुजवलेल्या दिव्यात बाष्प कोंडून बसतं.

म्हणून झाकण, व्हेंट ठीक असूनही पाणी परत येत असेल आणि जोडाच्या रेषेतूनच ते शिरतंय असं दिसत असेल, तरच उघडा. डाग काचेच्या कडेला असतील, प्रकाशाच्या वाटेत नसतील, तर फक्त दिसण्यासाठी उघडू नका. रिफ्लेक्टर गेला असेल किंवा कवचालाच तडा असेल तर दोन्ही मार्ग सोडून दिवाच बदला. जुना दिवा घेणार असाल तर मागची झाकणं आणि व्हेंटच्या नळ्या सोबत आहेत का ते तिथेच मोजून घ्या, सुटा दिवा विकताना त्या बऱ्याचदा गळालेल्या असतात. आणि दिवा काढून लावला असेल, मग तो नवा असो की तुमचाच, रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून झोत दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर पडतोय का बघा. नसेल तर मागच्या स्क्रूने तो बसवून घ्या.